आमच्या साहेबांचा गळ

आमचे साहेब स्वतः धरलेला मासा कधी खात नसत. विकत आणलेला खात आणि आवडीनं खात. कारवारकडचं घराणं, ताटात मासा नसला तर जेवण झालंय असं त्यांना वाटायचंच नाही. पण आपल्या गळाला लागलेला मासा त्यांनी कधी घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. तो नदीकाठीच कुणाच्या तरी टोपलीत जायचा, आणि बाईसाहेब गड्याच्या हाती पिशवी देऊन त्याला बाजारात मासे आणायला पाठवायच्या.

"नवरा नदीवर आणि मासा विकत. असं दुसरं घर बेळगावात दाखवा मला," त्या म्हणायच्या.

मी एकदा धीर करून साहेबांना कारण विचारलं. ते म्हणाले, "धरलेला मासा घरी नेला की ती मिळकत झाली. बाजारात त्याला किंमत आहे. ती किंमत मी कुठल्या सदराखाली दाखवू?"

मी हसलो. ते हसले नाहीत. ते खरंच मला विचारत होते.

लढाईचे दिवस होते. मी इन्कमटॅक्सच्या कचेरीत कारकून होतो आणि हे आमचे ऑफिसर. उंच, सडपातळ, काळा कोट कायम बटणं लावलेला. माणसाची कुठलीही मिळकत कायद्यानं कुठल्या तरी सदरात बसवावी लागते. पगार, घरभाडं, धंदा, आणि कुठंच बसत नाही ते 'इतर'. साहेबांनी ही सदरं कचेरीत ठेवली नव्हती, ती डोक्यात घालून ते गावभर हिंडत. आमच्यातल्या एकाला मुलगी झाली म्हणून त्यानं पेढे आणले, तर साहेबांचा पहिला प्रश्न, "हे कुठल्या सदराखाली?" तो बिचारा गडबडला. मुलगी झाली म्हणाला. "पेढे कुणाच्या दुकानातले? आपल्याकडे फाइल आहे त्याची?" फाइल नाही याची खात्री पटल्यावर एक पेढा उचलला, आणि मग मुलीचं नाव काय ठेवलं, बाळंतीण कशी आहे, हे सगळं इतक्या मायेनं विचारलं की त्या कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

असा हा माणूस रविवारी सायकलला बांबूची काठी बांधून काकतीकडे मार्कंडेय नदीवर जायचा. काठी त्यांनी स्वतः केलेली. खानापूरच्या रानातला बांबू आणून, तापवून, सरळ करून. मी खानापूरकडचाच, म्हणून बांबू निवडायला त्यांनी मला बरोबर नेलं होतं, आणि तेव्हापासून नदीवरही नेऊ लागले. नदीवर ते कचेरीतल्यासारखेच ताठ बसत. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघत नसत, पलीकडच्या काठाकडे बघत. "बुचाकडे बघितलं की माणूस आशेवर बसतो," असं म्हणायचे. "मासा हाताला कळतो. डोळ्याला कशाला कामाला लावायचं?"

आता अण्णांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय साहेब सांगताच येत नाहीत.

अण्णा निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. लढाईत तंबाखूला भाव आला आणि अण्णांकडे पैसा वाहत आला. घटप्रभेच्या एका डोहावर दर वर्षी थंडी सरता सरता गळानं मासे धरण्याची शर्यत व्हायची. छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी ती सुरू केलेली, आणि जवळच्या एका संस्थानच्या राजेसाहेबांनी तिला चांदीचा कप आणि रोख थैली लावलेली. सकाळपासून दुपार टळेपर्यंत बसायचं, आणि ज्याचा एक मासा सगळ्यांत वजनदार त्याचा कप. सुरुवातीला गोरेच जिंकायचे. मग आमचे साहेब बांबूची काठी घेऊन गेले आणि जिंकून आले. मग अण्णा दोरी गुंडाळायची विलायती चरखी घेऊन आले आणि ते जिंकले. पुढं गोऱ्यांना लढाईवर बोलावणी आली. शर्यतीत नावं पुष्कळ असायची, पण खरी शर्यत या दोघांचीच.

अण्णा यायचे ते लवाजम्यानिशी. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मागं कोळशाची भट्टी लावलेली मोटार, तंबू, खुर्च्या, आचारी, गडी, आणि डोक्यावर धरायला लांब दांड्याची छत्री. साहेब पॅसेंजर गाडीनं येत, बरोबर पोळीभाजीचा डबा आणि मी. मी शर्यतीची वजनं लिहायला असे. दोघांच्या बसायच्या जागा शेजारी शेजारी होत्या. अण्णांच्या छत्रीची सावली सरकत सरकत साहेबांवर आली की साहेब उठून उन्हात सरकायचे. अण्णांची फाइल आमच्याच कचेरीत होती ना!

"सावली घ्या की साहेब, तिला कुठं किंमत हाय?" अण्णा ओरडायचे.

"उन्हाळ्यात आहे," साहेब म्हणायचे.

कचेरीत साहेब त्यांना 'शेठ' म्हणत आणि कामाचं तेवढंच बोलत. नदीवर मात्र 'अण्णा', आणि बोलणं दिवसभर. कोणत्या महिन्यात मरळ वर येते, शिवडा कुठं दबा धरतो, महसीर गळ गिळून कोणत्या खडकाकडे पळेल, यावर दोघं हमरीतुमरीवर येत. अण्णा माशाशी कानडीत बोलायचे. "बारप्पा, बा," ये बाबा ये, अशी त्याची मनधरणी चालायची. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, "घटप्रभेचा मासा हाय साहेब. त्याला मराठी कुठलं कळायला?" साहेबांनी यावर खरोखर थोडा विचार केला आणि मान डोलावली.

एका वर्षी साहेबांचा महसीर ताजव्यात अण्णांच्या माशापेक्षा जरासा जड भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "थांबा. मासा फाडा." दोरीला लावलेलं शिसं माशानं गळाबरोबर गिळलं असावं असं त्यांच्या हाताला वाटलं होतं. मासा फाडला, शिसं निघालं. तेवढं वजन वजा करा म्हणून साहेब अडून बसले. वजा केलं तर ते हरले. मला वाटलं, आता अण्णा थोर मनानं म्हणतील, राहू द्या साहेब, कप तुमचाच. अण्णांनी दोन्ही हातांनी कप उचलला. "साहेबांनी शिसं काढलं, म्या कप काढला," असं जमलेल्या लोकांना सांगत मोटारीत जाऊन बसलेसुद्धा. आणि साहेब इतके खूश की परतीच्या गाडीत गुणगुणत होते. त्यांना असाच प्रतिस्पर्धी हवा होता.

पुढच्या वर्षी साहेबांनी अण्णांना हरवलं. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा ईर्षेनं आले आणि पुन्हा हरले. आणि त्याच वर्षी अण्णांचं जे रिटर्न आलं, त्यात तंबाखूच्या नफ्याखाली एक नवीनच रकाना होता. मत्स्यशर्यतीचा धंदा, तोटा. विलायती चरख्या, तंबू, आचारी, मोटार, छत्री धरणारा गडीसुद्धा. हा सगळा खर्च धंद्यातला तोटा म्हणून तंबाखूच्या नफ्यातून वजा करून मागितला होता. अण्णांनी नवा वकील केला होता. टिळकवाडीत राहणारा, तरुण, तल्लख. हे त्याचं डोकं.

मी फाइल साहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"बघितलंत?" ते म्हणाले. "हा धंदा असेल तर मीही धंदाच करतो."

मला तेव्हा पेच कळला. सरकारी नोकराला कुठलाही धंदा करता येत नाही. आणि साहेब नुसते शर्यतीत उतरत नव्हते, थैली जिंकत होते, आणि ती जिंकलेली थैली प्रामाणिकपणे आपल्या रिटर्नमध्ये 'इतर' सदराखाली दाखवून तिच्यावर कर भरत होते. अण्णांच्या बाजूनं निकाल दिला तर स्वतःच्या लेखणीनं स्वतःला दोषी ठरवल्यासारखं होतं. नोकरीची शेवटची वर्षं, पेन्शन तोंडावर, धाकटीचं लग्न व्हायचं होतं. उलट, हा छंद आहे असा निकाल दिला तर उद्या कुणीही म्हणेल की साहेबांनी स्वतःला वाचवलं.

साहेबांनी त्याच दिवशी वरिष्ठांना कळवलं की हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडे द्यावं. लढाईत माणसं कमी. उत्तर आलं, तुमच्याकडचं तुम्हीच निकालात काढा.

मी संध्याकाळी कागद घेऊन घरी गेलो तेव्हा बाईसाहेब दारातच भेटल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. "माझं ऐकाल तर त्या काठ्या बंबात घाला," त्या आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. आतून साहेबांचा शांत आवाज आला, "आत्ता घातल्या तर पुरावा नष्ट केल्यासारखं होईल."

सुनावणीला अण्णा जरीकाठी फेटा बांधून आले होते. शपथ झाली. वकिलानं मांडणी सुरेख केली. धंद्याला भांडवल लागतं, ते आहे. नोकर लागतात, आहेत. तो नियमितपणे चालावा लागतो, दर वर्षी चालतो. मिळवण्याची इच्छा लागते, तर तिथं रोख थैली आहे. धरलेला मासा विकल्याच्या पावत्याही आहेत. राहता राहिलं नुकसान. पण नुकसान झालं म्हणून धंदा हा धंदा राहत नाही असं कायद्यात कुठं म्हटलंय?

"बरोबर हाय," अण्णा मध्येच म्हणाले. "तंबाखूत नुकसान झालं तर तुमी त्याला धंदाच म्हनता. मग माशानंच काय घोडं मारलंय?"

साहेब लिहून घेत होते. वकील जरा पुढं वाकला. "शर्यतीची थैली हे उत्पन्न आहे हे तर खुद्द साहेबांनाही मान्य आहे. त्यांनी स्वतः त्यावर कर भरलाय."

"उत्पन्न आहे," साहेब म्हणाले. "धंदा आहे का, एवढाच प्रश्न आहे."

"तेच म्हणतो मी. आणि साहेबांचा लौकिक असा की निकालाची झळ कुणाला बसते ते बघत नाहीत. अगदी स्वतःला बसली तरी."

अण्णांनी आधी वकिलाकडे बघितलं, मग साहेबांकडे. साहेबांनी दौतीचं झाकण लावलं आणि चहाची सुट्टी दिली.

व्हरांड्यात अण्णांनी माझा दंड धरला. "झळ म्हंजे काय रं? साहेबांना कसली झळ?"

मी सांगितलं. अण्णा ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "म्हंजे मी जिंकलो तर साहेबांची नोकरी जानार?"

"जाईलच असं नाही. पण चौकशी लागेल. आणि तुम्ही त्यांना ओळखता. चौकशी लागायच्या आधी तेच वर लिहून कळवतील."

अण्णा वकिलाकडे वळले. "ह्ये तुमी मला आधी का सांगितलं न्हाय?"

"अण्णा, यात आपलं काहीच जात नाही," वकील समजावू लागला. "धंदा म्हणाले तर आपण जिंकलो. छंद म्हणाले तर स्वतःला वाचवायला म्हणाले, असं सांगून आपण अपील करू. दोन्हीकडून आपलंच."

अण्णा चहा न पिताच आत गेले आणि उभ्यानंच म्हणाले, "साहेब, छंद हाय. म्या चुकलो. वकिलानं लिवलेलं खोडून टाका."

"मघाशी धंदा होता," साहेब म्हणाले.

"मघा यगळं बोललो. आता खरं बोलतो. पायजे तर खोटं बोललो म्हनून हिंडलग्याच्या तुरुंगात धाडा."

"मधल्या चहात काय बदललं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं. ते रागावले नाहीत. पण आवाज असा लागला की अण्णा आपोआप खाली बसले.

"शेठ, माझी काळजी हा पुरावा नाही. तुम्हाला माझी दया आली म्हणून धंद्याचा छंद होत नाही. मी विचारतो त्याची खरी उत्तरं द्या. माझ्याकडे बघून देऊ नका. त्या भिंतीकडे बघा."

अण्णा खरंच भिंतीकडे तोंड करून बसले.

"गेल्या शर्यतीच्या दिवशी निपाणीत तुमचा मोठा सौदा होता?"

"व्हता."

"तुम्हाला आधी माहीत होतं?"

"मीच बोलीवलं हुतं यापाऱ्यांना."

"मग?"

"सौदा भावावर टाकला नि नदीवर आलो."

"भावानं कसा केला?"

"वाटोळं केलं."

माझ्या शेजारचा कारकून खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

"शर्यत सोडून तुम्ही सौद्याला थांबला असता तर?"

"थैलीच्या कितीतरी पट मिळालं असतं."

"मोठा फायदा टाकून लहान फायद्यामागं जाणारा व्यापारी मी अजून बघितला नाही. आणि तुम्ही चांगले व्यापारी आहात. मग त्या दिवशी कशामागं गेला होता?"

वकील काहीतरी बोलायला उठला, साहेबांनी हातानं बसवला. भिंतीकडे बघतच अण्णा शेवटी म्हणाले, "त्याच्या आदल्या साली तुमी मला हरीवलं हुतं, साहेब."

"लिहून घ्या," साहेब मला म्हणाले.

निकाल झाला. शर्यतीसाठी गळ टाकणं हा या माणसाचा छंद आहे, त्याचा खर्च तंबाखूच्या नफ्यातून वजा होणार नाही. कारणं साहेबांनी अशी दिली होती की मी ती नक्कल करताना दोनदा वाचली, आणि पेच नसता तरी निकाल हाच झाला असता याबद्दल मला शंका उरली नाही. शेवटी त्यांनी स्वतःहून एक परिच्छेद घातला होता. निकाल देणारा अधिकारी स्वतः याच शर्यतीत उतरतो आणि या निकालानं त्याची अडचण टळते, हे वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

निकालावर सही केली आणि त्याच टाकानं शर्यतीच्या कमिटीला पत्र लिहिलं. माझं नाव काढावं.

"साहेब, निकाल बरोबर आहे," मी म्हणालो. "मग नाव कशाला काढता?"

"निकाल बरोबरच आहे. पण बरोबर निकालातून माझा फायदा होतोय. दोहोंतलं एक सोडायला हवं. निकाल सोडता येत नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ज्याचं यात काही नाही अशा माणसानं हेच ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी."

शर्यत त्याच आठवड्यात होती. मी वजनं लिहायला एकटाच गेलो. अण्णा आले, तंबू ठोकला, खुर्ची मांडली, आणि शेजारची जागा रिकामी बघून मला म्हणाले, "साहेबांची गाडी चुकली व्हय?" मी काय ते सांगितलं. अण्णा दिवसभर माशाशीही बोलले नाहीत. दुपारी त्यांच्या गळाला असा महसीर लागला की काठावरचे लोक उभे राहिले. अण्णांनी तो ओढला, वजन झालं, कप त्यांचा. राजेसाहेबांच्या माणसानं थैली हातात दिली तेव्हा अण्णा ती घेऊन असे उभे होते, जसे कुणी चुकून दुसऱ्याचे जोडे पायात घालावेत.

दुसऱ्या दिवशी ते थेट कचेरीत आले.

"निकाल माज्या इरुद्ध दिला, त्याचं मला काय न्हाय. कर भरतो. पन शर्यत कशापायी सोडली?"

"शेठ, ही कचेरी आहे."

"असंल. तुमी न्हाय तर तिथं बसून म्या काय माशा मारू?"

"तुमच्या प्रकरणाचा निकाल मी दिला. तो माझ्या सोयीचा होता. जोवर कुणी तटस्थ माणूस तोच निकाल देत नाही तोवर मी नदीवर दिसणं बरं नाही."

अण्णा ताडकन उठले आणि गेले. तिथून त्यांनी सरळ टिळकवाडी गाठली. पुढचं मला वकिलानं स्वतः सांगितलं, काही महिन्यांनी, आणि सांगताना अजूनही त्याच्या तोंडावर तो धक्का होता. अण्णा म्हणाले, अपील करायचं. वकील खूश झाला. म्हणाला, नक्की जिंकू.

"जिंकायचं न्हाय," अण्णा म्हणाले. "हरायचं हाय. वरच्या साहेबानं सोता म्हटलं पायजे की ह्यो छंद हाय. मग आमचं साहेब मोकळं."

"मग मी उभा कशाला राहू? तुम्हीच जाऊन हरा."

"तसं न्हाय. तुमी जोरात भांडायचं. ढिलं भांडला तर त्या निकालाला काय किंमत? एक बी मुद्दा सोडायचा न्हाय. फी पुरी घ्या. फक्त जिंकू नका."

आणि हे आमच्या साहेबांच्या कानावर जाता कामा नये, अशी त्यांनी वकिलाला शपथ घातली. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी हेही कुठल्या तरी कलमात बसवलं असतं.

अपील ऐकणारे साहेब फिरतीवर बेळगावला आले तेव्हा फाइल घेऊन मी हजर होतो. आमचे साहेब नियमाप्रमाणे आले, आपलं म्हणणं निकालात आहे एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन बसले. मग वकील उभा राहिला. त्यानं फी हलाल केली. तो इतका सुंदर बोलला, इतके दाखले दिले, की वरचे साहेब मान डोलावू लागले. "यात तथ्य दिसतंय," ते म्हणाले. अण्णांना घाम फुटला. त्यांनी वकिलाचा कोट मागून ओढला. वकील बोलायचा थांबेना. त्यालाही आता रंग चढला होता. जिंकायचं नाही हे तो बहुतेक विसरलाच होता.

वरच्या साहेबांनी पावत्या चाळल्या. "मासा विकलेला आहे म्हणता?"

"विकलाय, साहेब," अण्णा उसळून उठले. "माज्या मेव्हन्याला. त्याला नको हुता. बळंच पैसे घेतले."

वकील खाली बसला.

"तुमची तंबाखू उद्या बंद पडली तर या गळावर तुमचं पोट चालेल?"

"गळावर? ह्या गळानंच माझी तंबाखू खाल्ली, साहेब! हिशेबाला बसला तर येक बी वरीस नफा न्हाय, आनि हुनार बी न्हाय."

"मग करता कशाला?"

अण्णांनी या प्रश्नाची तयारी केलेली नव्हती. ते डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "निपाणीत सगळी माझं ऐकत्यात. हमाल, दलाल, भाऊ, मेव्हना, सगळी. मासा ऐकत न्हाय. आनि हितले साहेब ऐकत न्हाईत. म्हनून जातो."

वरचे साहेब हसले. अपील फेटाळलं. त्यांच्या निकालात स्पष्ट होतं की आधीच्या अधिकाऱ्याचा निर्णय पुराव्याला धरून आहे आणि हा खर्च निव्वळ हौसेचा आहे. व्हरांड्यात आमचे साहेब बाकावर बसले होते. अण्णा त्यांच्यापुढून जाताना तोंड पाडून, हरलेल्या माणसासारखे गेले. जिन्यावरून खाली उतरल्यावर त्यांनी फेटा काढून हवेत उडवला, ते मी वरून बघितलं.

निकालाची नक्कल आली तेव्हा साहेबांनी ती एकदा वाचली, मेव्हण्याबद्दलची अण्णांची जबानी पुन्हा वाचली आणि फाइलला लावायला दिली. संध्याकाळी घरी गेलो तर ते अंगणात बसून काठीला तेल लावत होते, आणि बाईसाहेब ओट्यावरून बघत होत्या. "घरात हसायला लागलेत पुन्हा," त्या हळूच मला म्हणाल्या.

पुढची शर्यत आली. साहेब डबा घेऊन गाडीनं आले, आपल्या जागेवर बसले. अण्णा आधीच बसले होते. "आलात व्हय," एवढंच म्हणाले, आणि मग दोघं जे बोलत सुटले ते दुपार टळेपर्यंत. ऊन चढलं तेव्हा छत्री धरणारा गडी कंटाळून झाडाखाली जाऊन झोपला होता आणि दोघंही सारखेच भाजत होते.

शेवटच्या घटकेला दोघांच्याही गळाला मासे लागले. दोन्ही महसीर, दोन्ही मोठे. ताजवा लावला. अण्णांचा कमी भरला. त्यांनी पुन्हा वजन करायला लावलं. पुन्हा कमी. ताजवा बदला म्हणाले, बदलला, तरी कमीच. तेव्हा अण्णा संतापानं लाल होऊन काठावर नाचायला लागले.

"ह्यो निकाल मला मान्य न्हाय! म्या अपील करनार!"

साहेब माशाच्या तोंडातला गळ सोडवत खाली बसले होते. आम्ही कुणी त्यांना एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. ना वकिलानं, ना मी. त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

"करा, अण्णा," ते म्हणाले. "फक्त या खेपेला जिंकण्यासाठी करा."